दाढेची जबानी

हणमंत फडतरे खुर्चीत बसला खरा, पण तोंड काही उघडेना.

डॉक्टर आयेशा शिकलगार हातात आरसा धरून उभ्या होत्या. वयानं त्याच्या लेकीएवढ्या. "काका, आज नुसतं बघायचंय, काढायची नाहीये," असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. हणमंतानं दात आवळून मान हलवली. उभी जवानी फौजेत काढलेला, बर्फात पहारे दिलेला हवालदार एक दाढ दाखवायला एवढे आढेवेढे घेतो, हे बघून त्याच्या बायकोला, हेमलताला, हसावं की रडावं ते कळेना. ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, चारचौघांत शोभा नको. उघडा तोंड."

त्यानं तोंड उघडलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. हेमलताला वाटलं, चिमट्याची भीती. बायको नवऱ्याला आरपार ओळखते म्हणतात. सगळ्याच म्हणी खऱ्या असतात असं नाही.

त्यांचं गाव वडजाई, सातारा जिल्ह्यातलं. तिथं घरटी एक तरी माणूस फौजेत असायचाच. पोरांना मिसरूड फुटायच्या आधी पहाटे माळावर पळायला लावत. आणि गावाची एक रीत होती. फौजेतून सुटताना डॉक्टरांपुढे शेवटची तपासणी होते. कुठं दुखतं का, झोप लागते का, असं विचारतात. त्या वेळी वडजाईचा माणूस छाती काढून सांगायचा, "काही तक्रार नाही, साहेब." गुडघे कुरकुरत असोत, कानात शिट्टी वाजत असो, उत्तर तेच. तक्रार लिहून देणं म्हणजे पलटणीला आणि बापाला कमीपणा. हणमंताच्या वडिलांनी तेच सांगितलं होतं. हणमंतानंही तेच सांगितलं आणि धडधाकट म्हणून घरी आला.

वर्षभरात त्याची झोप उडाली. स्वयंपाकघरात ताट पडलं तरी तो भिंतीला पाठ लावून उभा राही. हात कापत. लग्नाकार्यात मांडवातून न जेवता उठून येई. पुढं पुढं तर त्यानं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खाट टाकली आणि तो तिथलाच झाला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, मनाला बसलेल्या आघाताचा आजार आहे, सैनिकांमध्ये असतो. गावानं त्याचं सोपं नाव काढलं. फडतऱ्याच्या हणमाचं डोकं फिरलंय.

सैनिकाला अपंगत्वाचा दावा करायचा तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. अपंगत्व आहे ही एक, आणि ते सेवेमुळं आलं किंवा सेवेनं वाढलं ही दुसरी. पहिली सोपी असते. दुसरीला त्या काळातला कागद लागतो, आणि आपल्याच तोंडानं 'काही तक्रार नाही' म्हणून आलेल्या माणसाकडे तो कुठून यायचा? हणमंताचा दावा दोनदा परत आला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथं ऋतुजाचं, लेकीचं, शिक्षण, लग्न, बाळंतपण सगळं होऊन गेलं तरी हेमलता थांबलेलीच होती.

तिला काय हवं होतं? चार पैसे कोणाला नको असतात, पण ती त्यासाठी झुरत नव्हती. तिला एक शब्द हवा होता. तिचा नवरा जखमी आहे, वेडा नाही, असं कोणीतरी शिक्का मारून म्हणायला हवं होतं. शिवाय अशा आजारासाठी फौजेचं एक उपचार केंद्र निघालं होतं. तिथून माणसं सुधारून येत, रात्रभर झोपत, नातवंडांना खांद्यावर घेत. पण तिथं दावा मान्य झालेल्यालाच घ्यायचे. नवरा अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता. अजून किती वर्षं त्या मोटारीच्या खोलीत जाणार होती?

अशात दाढेची चाचणी आली.

तिचं शास्त्र तसं जुनंच. आपल्या दाताच्या मुळावर एक पातळ आवरण असतं, ते दाताला जबड्यात धरून ठेवतं. त्याच्यावर दर वर्षी एक फिकं आणि एक गडद वलय चढतं, झाडाच्या खोडात चढतं तसं. हाड सतत झिजतं आणि नव्यानं भरतं, त्यामुळं त्यातलं जुनं पुसलं जातं. दाढेवरचं हे आवरण मात्र शरीर सहसा मोडत नाही. एकदा चढलं की राहिलं. ही वलयं मोजून जनावराचं वय काढायची युक्ती शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होती.

नवीन होतं ते पुढचं. माणूस फार काळ भीतीखाली राहिला की त्याच्या रक्तात काही द्रव्यं वाढलेली राहतात, आणि त्या वर्षाचं वलय वेगळं घडतं. त्यातल्या क्षारांची मांडणी बदलते. दाढेचा केसाहून पातळ काप काढून त्यातून किरण सोडले की हा फरक टिपता येतो. तो दुष्काळाचा, तापाचा की भीतीचा, हे हजारो दाढा वाचून तयार झालेला संगणक ओळखू लागला. पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षी येते, म्हणजे तिथपासून आजपर्यंतची नोंद एका दाढेत सापडते. काय घडलं हे यंत्र सांगत नाही. कधी घडलं, एवढं मात्र चुकत नाही.

शास्त्रीय नाव लांबलचक होतं. सैनिक त्याला दाढेची जबानी म्हणू लागले. सुरुवातीला थट्टा झाली, फौजेनं हातपाय घेतले ते घेतले, आता दात पण मागतायत. मग निकाल येऊ लागले. शेजारच्या गावचा एक लान्सनायक तीस वर्षं खोटारडा ठरला होता. त्याच्या दाढेत, तो ज्या वर्षी बर्फाच्या कड्याखाली गाडला गेला नेमका त्या वर्षाचा काळा पट्टा निघाला. दावे तपासणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी उभं राहून त्याची क्षमा मागितली. ते ऐकलं त्या दिवशी हेमलतानं ठरवलं, आता यंत्रच बोलेल.

सासऱ्यांना तिनं सांगितलं तेव्हा ते ओट्यावर ऊन खात बसले होते. सुभेदार ज्ञानदेव फडतरे, नव्वदीला टेकलेले, एकाहत्तरची लढाई लढून आलेले. गाव त्यांना आबा म्हणे. शाळेचा झेंडा अजून त्यांच्याच हातानं चढायचा. ते म्हणाले, "आमच्या टायमाला असलं काय न्हवतं. पर काढा म्हणावं दाढ. फौजी माणसाला दाढंचं काय एवढं?"

हणमंतानं वडिलांकडं पाहिलं नाही. दुसऱ्या खेपेला दाढ निघाली. तो हूं की चूं न करता बसून राहिला.

निकालाच्या दिवशी हणमंत आलाच नाही, हेमलता एकटी गेली. डॉक्टर शिकलगारांनी तिला शेजारी बसवून पडद्यावर दाढेचा काप दाखवला. पिवळसर पट्ट्या एकीला एक चिकटून होत्या, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या.

"काकू, हे आतलं म्हणजे लहानपण, आणि हे बाहेरचं म्हणजे आत्ताचं." डॉक्टर थोड्या अडखळल्या. "हा गडद पट्टा दिसतोय ना, तो आठव्या वर्षी सुरू होतो. भरतीला जाईपर्यंत आहे."

"आणि फौजेतला?"

"फौजेतली ही." त्यांनी बोट फिरवलं. "स्वच्छ आहेत. एक बारीक रेघ आहे उंचावरच्या पोस्टिंगची, पण ती पुढच्या वर्षी भरून आली. माझ्याकडे आलेल्या सैनिकांत एवढी शांत वलयं मी क्वचित पाहिलीत. आणि मग हे बघा, सुटून घरी आले त्या वर्षापासून पुन्हा काळं."

हेमलताला आधी वाटलं, दाढ दुसऱ्याची आहे. तिनं तसं विचारलंही. डॉक्टरांनी ते मनाला लावून घेतलं नाही. त्यांनी नाव, नंबर, रक्ताचा मेळ सगळं दाखवलं. आजार खरा होता, पण मंडळाला पाठवायच्या अहवालात सेवेशी संबंध नाही, असंच लिहावं लागणार होतं.

"आठव्या वर्षी काय झालं होतं, काकू? घरात काही? कोणी गेलं होतं का?"

"कोणी गेलं नव्हतं," हेमलता म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. कोणी गेलं नव्हतं. आलं होतं. हणमा आठ वर्षांचा असताना मी पेन्शनीवर घरी आलो, हे आबा दर दिवाळीला पाहुण्यांना सांगत.

परतीच्या एसटीत ती खिडकीला टेकून बसली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं तिला झालं. नवरा सुटून आल्यापासून या घरात तिनं फौजेला शिव्या दिल्या होत्या. माझा माणूस धड नेला आणि मोडून परत पाठवला, असं ती येईल त्याला सांगायची. फौजेत तर तो धड होता. तो मोडायचा घरी.

हणमंत मोटारीच्या खोलीपुढं बसून आल्याचं बियाणं निवडत होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून दाढ देत नव्हता."

तो निवडत राहिला.

"आबा मारायचे?"

"बाप मारतोच की गं. त्यात काय?"

"दाढेत उतरेपर्यंत?"

हणमंतानं हातातला कंद खाली ठेवला. तो बोलला ते सरळ, ड्युटीचा अहवाल द्यावा तसं.

"कमरेचा पट्टा असायचा. माराचं काय न्हाई, मार समद्यांनीच खाल्लाय. पर कवा मारतील त्याचा नेम न्हवता. जेवता जेवता उठायचे. आई मधी पडली की तिला. मी रडलो की जास्त मारायचे, म्हणून मी रडायचं सोडलं. भरतीला पळत गेलो, गावाला वाटलं देशासाठी चाललाय. फौजेत मला झोप लागायची, हेमा. वरनं गोळे पडायचे तिथंसुदिक लागायची. सुटून आलो अन् पहिल्याच सकाळी आबांची व्हाण वाजली ओट्यावर. झालं. मी पुन्ना आठ वर्साचा."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? पलटणीतला हवालदार म्हाताऱ्या बापाला भितोय?" तो थांबला. "मी हितं का झोपतो ठाऊक हाय? ऋतूच्या हातनं एकदा दुधाचं पातेलं पडलं. रडाया लागली. माझा हात वर गेला. खाली आणला मी. पर गेला हुता. त्या दिसापास्नं ही खोली."

हेमलता त्याच्याशेजारी मातीतच बसली. तिला तो दिवस आठवत होता. बाप तडक उठून निघून गेला म्हणून ऋतुजा आणखीच रडली होती, आणि हेमलतानं नवऱ्याला दगड म्हटलं होतं. आता तिला त्याचे पाय धरावेसे वाटले.

"आता दावा सोड," हणमंत म्हणाला. "आपलेच दात, आपलेच ओठ. मंडळाला काय सांगायचं? गावात झेंडा कोण लावतंय? झाकली मूठ ऱ्हाऊ दे."

ती हो म्हणाली. पण हो म्हणणं वेगळं आणि घरात जाऊन आबांना वाढणं वेगळं. इतकी वर्षं ती त्यांची भाकरी दुधात कुस्करून देत आली होती. त्यांच्या आजारपणात तिनं त्यांना लेकरासारखं न्हाऊ घातलं होतं. त्या सांजेला ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. शिरा वर आलेले, थरथरते म्हातारे हात. याच हातांत पट्टा होता. तिला त्यांची किळस आली, आणि किळस आली म्हणून स्वतःची लाज वाटली, कारण तेच हात तिच्या माहेरच्या माणसांपुढं जोडले जायचे आणि आबा म्हणायचे, सून लेकीहून चांगली मिळाली.

"सूनबाई, रिपोर्ट काय आला म्हणायचा?" आबांनी विचारलं.

ती सांगणार नव्हती. देवाशपथ नव्हती.

"आला, आबा. लढाईचं काही निघालं नाही. आठव्या वर्षापासूनचं निघालं. तुम्ही सुटून आलात त्या सालापासूनचं."

आबांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो ताटात परत ठेवला, हात धुतला आणि ओट्यावर जाऊन बसले. हेमलताला वाटलं, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा घास काढला आपण. पण क्षमा मागायला ती काही उठली नाही. त्यानंतर आबा देवळात गेले नाहीत की पारावर गेले नाहीत. बोलणं तर बंदच. घरात तीन माणसं आणि तिघं तीन दिशांना.

अहवालावर म्हणणं मांडायला मंडळ एकदा बोलावतं. त्यानंतर प्रकरण कायमचं बंद होतं. हणमंतानं ठरवलं होतं, जायचं, निकाल मान्य आहे म्हणायचं आणि सही करून यायचं. हेमलता म्हणाली, मीही येते. सकाळी जीप दारात आली, तर आबा ओट्याच्या पायरीवर कोट घालून उभे होते. छातीवर एकही पदक नव्हतं. सरकारी कामाला ते पदकांशिवाय कधी निघाले नव्हते.

"मीबी येतो," ते म्हणाले आणि कोणाच्या होकाराची वाट न बघता पुढं बसले.

जीप पुण्याच्या वाटेला लागली. हणमंत घामानं भिजला होता. म्हातारा घराची लाज राखायला भांडायला निघालाय, आमच्या घरात असलं काही नव्हतंच म्हणून सांगणार, असं हेमलताला वाटलं आणि तिनं मनाशी गाठ मारली. तसं झालं तर मी उठेन, मग गाव काही का म्हणेना.

मंडळात दोन माणसं होती. अध्यक्ष एक निवृत्त ब्रिगेडियर बाई, पांढऱ्या केसांच्या, शेजारी एक डॉक्टर. भिंतीवरच्या पडद्यावर हणमंताची दाढ भली मोठी करून लावलेली. आपल्या नवऱ्याचं लहानपण असं भिंतीवर टांगलेलं होतं.

"हवालदार फडतरे, अहवाल तुम्ही वाचलाय. काही म्हणायचंय?"

हणमंत सावधानमध्ये उभा राहिला. "नाही, मॅडम. मान्य आहे."

"मला म्हणायचंय," मागून आवाज आला.

आबा बाक धरून उठले होते. शिपाई पुढं झाला, पण बाईंनी त्याला हातानं थांबवलं. "आपण कोण?"

"सुभेदार ज्ञानदेव फडतरे. ह्याचा बाप." त्यांनी काठीनं पडद्याकडं दाखवलं. "ते काळं दिसतंय ते मी केलंय."

"आबा, बसा खाली," हणमंत हळूच म्हणाला.

"तू गप." मग आपण काय बोललो ते आबांना जाणवलं असावं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "बोलू दे मला, हणमा. एकदाच बोलतो." ते बाईंकडं वळले. "बाईसाहेब, एकाहत्तर साली मी एकवीस वर्साचा. एका खंदकात उडी टाकली अन् खाली एक पोरगा हुता. त्यांचा. मिसरूड न्हवतं फुटलं. बंदूक हातनं पडल्याली. मी संगीन घातली. लगीच गेला असता तर बरं झालं असतं. न्हाई गेला. वरनं फैरी चालू, मला हलता येईना. दुसरा दिवस उजाडंस्तवर मी अन् तो एका खंदकात. रडत हुता. आईला हाका मारत हुता. भाषा कळत न्हवती, पर आईला मारल्याली हाक कुठल्याबी भाषंत कळती. त्याला गप करायला मी त्याच्या तोंडावर हात दाबून धरला. किती येळ, ते ठाऊक न्हाई."

आबांनी बाक आणखी घट्ट धरलं.

"त्याचं मला पदक मिळालं. फौजेत हुतो तवर कामात दिस जायचे. घरी आलो अन् हा लहान हुता. रडायचा. पोरगंच ते, रडणारच. पर ह्यो रडला की मला तो ऐकू यायचा. गप कर, गप कर, एवढंच डोक्यात. हा गप होईस्तवर मी मारायचो. नंतर ह्याचं अंग बघून गोठ्यात जाऊन डोकं आपटायचो. कुणाला सांगितलं न्हाई. सुभेदारानं काय सांगायचं?"

ब्रिगेडियर बाईंनी चष्मा काढला. "सुभेदारसाहेब, तुम्ही स्वतःचा दावा कधीच केला नाही?"

"मला काय झालं हुतं? हातपाय धड घिऊन आलो. सुटताना डॉक्टरनं इचारलं, मी काय तक्रार न्हाई म्हणालो." आबांनी बाकावरचा हात सोडला. "माझ्या तोंडात एक दाढ हाय अजून. काढा अन् बघा. त्या सालाचं निघंल. मग ह्याचं काळं माझ्या लढाईला जोडा. ह्याला लागल्यालं लढाईतच लागलंय, बाईसाहेब. माझ्या हातनं लागलं एवढंच."

बाई आणि शेजारचे डॉक्टर एकमेकांशी हळू बोलले. डॉक्टरांनी पडद्यावर काही आकडे आणले आणि पुसले. मग बाई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज सरकारी राहिला नव्हता.

"आमच्याकडे ज्यांच्या दाढा येतात त्यातले बरेच जण सैनिकाचे मुलगे आहेत. तुमच्या भागातले तर जास्तच. त्यांच्या लहानपणात असे काळे पट्टे आम्हाला वारंवार दिसतात. कशामुळं, ते आम्ही कोणाला विचारलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही. तुम्ही पहिले." त्या थांबल्या. "तुमचं मी मानते. पण मानलं तर लढाई कोणत्या तारखेला संपली, ते मला कोणत्याच फाइलवर लिहिता येणार नाही. नियमात सेवा म्हणजे ज्याचा दावा त्याची सेवा. हवालदार फडतरे, तुमचा दावा मला आज नामंजूरच करावा लागेल. नियम बदलावा असं मी वर लिहीन, पण त्याला किती काळ लागेल ते सांगून तुम्हाला फसवणार नाही."

हेमलतानं डोळे मिटले. इतक्या वर्षांची वाट अशी संपली. तिला हवा असलेला शब्द नवऱ्याच्या नावावर मिळाला नाही, आणि बहुधा कधी मिळणारही नव्हता.

"एक मार्ग आहे," बाई पुढं म्हणाल्या. "उपचार केंद्रात जखमी सैनिकाच्या घरच्यांनाही घेतात. सुभेदारसाहेब, तुम्ही दावा केलात आणि दाढेनं साक्ष दिली, तर तुमच्याबरोबर मुलालाही तिथं जाता येईल. मात्र अर्जावर तुम्हाला लिहून द्यावं लागेल, की मला लढाईत इजा झाली."

अख्खी हयात ताठ मानेनं काढलेल्या माणसाला ते एक वाक्य किती जड गेलं, हे हेमलताला आबांच्या मानेवरच्या शिरेत दिसलं. त्यांच्यावरचा तिचा राग गेला नव्हता. तो तिथंच होता आणि त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं होतं.

"लिवतो," आबा म्हणाले. "कुठं सही करायची?"

बाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक होतं. बाप-लेक त्यावर बसले, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. हेमलता पाणी आणायला गेली. आली तेव्हा आबा काठीवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडं बघत होते. ती खांबाशीच थांबली.

"हणमा."

"जी, आबा."

"लय लागायचं का रं?"

हणमंतानं मान वर केली. डॉक्टरांनी अपंगत्वाचे टक्के विचारले होते, मंडळानं पुरावे विचारले होते. बायकोनं, अगदी तिनंसुद्धा, कोणी मारलं एवढंच विचारलं होतं. हेमलताला वाटलं, तो नेहमीसारखा न्हाई म्हणेल. त्याचे ओठ तसे हललेही. मग त्याचा चेहरा लहान पोराचा होतो तसा वेडावाकडा झाला.

"व्हय, आबा. लय लागायचं."

आणि तो रडायला लागला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, गळा काढून रडला. आबांच्या अंगाला त्या आवाजानं कापरं भरलं. त्यांनी दोन्ही हातांनी काठी आवळली, डोळे घट्ट मिटले, आणि हेमलताच्या हातातल्या तांब्यातलं पाणी डुचमळलं, इतकी ती घाबरली. पण आबा हळूहळू बाकावरनं सरकले, मधली जागा ओलांडून त्याच्याजवळ गेले. काठी खाली पडू दिली. थरथरता हात त्यांनी पोराच्या पाठीवर ठेवला आणि तिथंच राहू दिला.

हणमंत पुष्कळ वेळ रडत होता. आबांनी त्याला गप्प केलं नाही.